भुलीआधीचे प्रश्न

आईने बाबांचे हात चादरीखाली सरकवले आणि वरून काठ गादीत खोचला. तरी चादर थरथरतच राहिली.

"गारठलेत," ती भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

काल दुपारी न्हाणीघरात घसरून बाबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आज अकरा वाजता शस्त्रक्रिया ठरली होती. बाई कागदावरचे प्रश्न एकेक करून विचारत होत्या. मधुमेह, दमा, चालू गोळ्या. सगळी उत्तरं आईच देत होती.

"दारू?"

"छे हो. कधीतरी, कोणी फारच आग्रह केला तर."

लेक पायथ्याशी उभी होती. हा सूर तिच्या ओळखीचा होता. नऊ वर्षांची असताना स्टुलावर चढून ती बाबांच्या कामावर, छापखान्यात फोन करायची, बाबांना ताप आलाय म्हणून सांगायची. पलीकडच्याला कधी शंकासुद्धा यायची नाही. आज अडतिसाव्या वर्षी ती एका कंपनीच्या तक्रार विभागात होती आणि भडकलेले ग्राहक हमखास तिच्याकडे वळवले जात. ती झोपेत दात खाते, इतके की दाढा झिजल्यात, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. एका भल्या माणसाला तिने नकार दिला होता, कारण तो फार मोठ्याने हसायचा.

बाईंनी पेन थांबवलं.

"हे नीट कळलं नाही, तर ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत जिवावर बेतू शकतं. म्हणून विचारते."

आईने लेकीकडे पाहिलं. फक्त पाहिलं. लेकीच्या तोंडात उत्तर आपोआप जुळून आलं, गुळगुळीत, वर्षानुवर्षं वापरलेलं. तिने ते गिळलं.

"रोज घेतात," ती म्हणाली. "अर्धी बाटली. मला कळायला लागलं तेव्हापासून."

आईने तोंड खिडकीकडे फिरवलं. लेकीची मान आपसूक खांद्यांत गेली. असं काही बोललं की त्यांच्या घरात भांडी भिंतीवर आदळायची. ती वाट पाहत राहिली.

"अर्धी नाही," बाबा छताकडे बघत म्हणाले. "पाऊण."

बाईंनी ते लिहून घेतलं.

"शेवटची कधी घेतली?"

बाबांचे ओठ हलले. त्यांना आठवेना.

"काल बारा वाजता," आई खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "आणि रोज सकाळी उठल्याउठल्या दोन घोट. त्याशिवाय त्यांना दाढी करता येत नाही."

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. आई सांगत गेली, बाबा मध्येच तिला दुरुस्त करत राहिले. लेकीकडे कुणीच वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने तिने भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि बसली.