दोन बाटल्यांमधला पुठ्ठा

मी एक जुना पुठ्ठा आहे. हसलात ना? हसा. पण मित्रांनो, माझ्याएवढा घोर घरातल्या माणसांनाही नसतो.

आधी मी माशाच्या सॉसच्या खोक्याची एक बाजू होतो. बाटल्या संपल्या आणि खोकं कालव्याकाठच्या एका घराबाहेर पडलं. त्या घरातल्या छोट्या ओईच्या आजोबांनी सुरीनं मला कापलं आणि फळीवरच्या दोन काचेच्या बाटल्यांच्या मधे उभं केलं. एका बाटलीत ओईचा निळा झुंजार मासा, फायलिन. दुसरीत तिच्या दादाचा, खेमचा लाल मासा. त्याचं नाव मिरची. हे दोन नर एकमेकांना दिसले की संपलंच! कल्ले फुगवतात, काचेवर धडका मारतात, जीव जाईपर्यंत थांबत नाहीत. मी मधे असलो की दोघांनाही वाटतं, जगात आपण एकटेच.

"या घरात शांतता राखणारा हा एकटाच," आजोबा मला टिचकी मारून म्हणायचे. बरं वाटायचं ऐकून. पण निवांत? कधीच नाही. पंखा फिरला की धस्स. मांजर फळीवर चढली की धस्स. पाणी बदलताना सांडायचं, माझी खालची कड भिजून मऊ पडायची. सगळे मासे बघायला यायचे. पुठ्ठ्याकडे कोण बघतो?

रोज सकाळी मला जरासा वेळ बाजूला काढायचे. मासे फुगले की अंगात जोर राहतो म्हणे. आजोबा तिथंच बसून राहायचे आणि पुरे झालं की मला परत ठेवायचे. पण त्या आठवड्यात फायलिनचं शेपूट फाटलं होतं. ओईनं औषध म्हणून देशी बदामाचं वाळकं पान त्याच्या पाण्यात सोडलं होतं, पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. भिक्खूंना भात वाढायला निघताना ती बजावून गेली, "दादा, पुठ्ठ्याला हात लावायचा नाही. माझा आजारी आहे."

"हो गं म्हातारे," खेम म्हणाला.

आणि तिची पाठ वळली तसं त्यानं मला काढलंच! "मिरचीचा व्यायाम बुडतो त्याचं काय?"

तेवढ्यात अंगणातून आई ओरडली, "खेम! निखारे विझतायत! गिऱ्हाईक खोळंबलंय, कोंबडी काय उन्हात भाजू?"

खेम धावला. हातात मी. वारा घालायला काही सापडेना, म्हणून मलाच हलवायला लागला. वर-खाली, वर-खाली, आणि आत ते दोघं समोरासमोर! अरे मूर्खा, मला ठेव ना परत! पण पुठ्ठ्याला तोंड कुठंय? माझा कोपरा पेटला, तरी माझं लक्ष फळीकडेच.

कालव्यावरून आलेले आजोबा थबकले. "कशानं वारा घालतोयस रे? हा फळीवरचा ना?"

खेमचा चेहरा उतरला. मला बादलीत बुडवून विझवलं आणि तसाच ओला घेऊन तो आत पळाला.

मिरची अजून फुगलेलाच. फायलिन तळाशी आडवा.

"कुठलीच बाटली हलवू नकोस," आजोबा मागून म्हणाले. "फळीला बसलेल्या हिसक्यानंही जाईल तो."

मी तर भिजून लोळागोळा. मला खिडकीत टाकून खेमनं आपला हातच मधे उभा धरला. ओई आली तेव्हा तो तसाच बसला होता. ती रडली नाही, मला त्याचीच भीती वाटली.

"थांब, दुसरा पुठ्ठा कापतो," आजोबा म्हणाले.

"नको. दादाच बसेल हात धरून."

"ओई, हाताला मुंग्या आल्या गं."

"येऊ देत."

"नाकावर माशी बसलीय."

"बसू दे."

ऊन चढलं. आईनं हाक मारली, जागचं कुणी हललं नाही. मी खिडकीत वाळत होतो आणि फायलिनच्या कल्ल्यांकडे बघत होतो. हलले का? नाही. हलले? मग तो वाकडातिकडा होत वर आला आणि तोंड पाण्याबाहेर काढून हवेचा एक घोट घेतला.

"वर आला," खेम कुजबुजला. हात मात्र हलवला नाही.

ओईनं त्याच्या नाकावरची माशी हाकलली.

आता मी पुन्हा मधे उभा आहे. कोपरा करपलाय, कड मऊच आहे, उद्याचं काही सांगता येत नाही. मित्रांनो, दोघांच्या मधलं काही काढलंत ना, तर ते हातात घेऊन भलतीकडे पळू नका. आधी जागेवर ठेवा. गिऱ्हाईक थांबतं.