चिकटायला ठेवलेला तवा

मी तवा बोलतोय. लोखंडी, लांब दांड्याचा, कडा जराशा वर आलेला. कारखान्यात मला वेगळं असं काही नाव नव्हतं. नाव दिलं ते दुकानातल्या गिऱ्हाइकांनी. 'अरेरे'. रोज मला बघून घोळक्यातली सगळी माणसं एकसुरात तेच म्हणायची, तेव्हा ते माझंच नाव असणार, अशी मी समजूत करून घेतली.

माझ्या जन्माची गोष्ट मोठी नाही. एक सपाट पत्रा होतो. वरून यंत्र धाडकन आदळलं आणि मी तवा झालो. दांडा बसवणाऱ्या कारागिराला नेमकी तेव्हाच शिंक आली, म्हणून माझा दांडा थोडा डावीकडे झुकलेला आहे. एवढ्याशा शिंकेनं माझं नशीब ठरलं. दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर आम्ही भावंडं एकावर एक पालथी पडलो होतो. लोक यायचे, मला उचलायचे, दांड्याकडे एक डोळा मिटून बघायचे आणि माझ्या खालच्या भावाला घेऊन जायचे.

मग एक दिवस पांढरा ॲप्रन घातलेला, कॉलरला चिमुकला माईक लावलेला एक माणूस खाली वाकला. दुकानात त्याला सगळे माईकवालाच म्हणायचे. त्यानं मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हा बरा आहे." आनंदानं मी तापायचाच बाकी होतो. वाटलं, सुटलो! आता एक घर, एक शेगडी, दोन वेळचं काम.

त्यानं मला घरी नेलं नाही. दुकानाच्या मधोमध, झगझगीत दिव्यांखाली एक टेबल होतं, त्यावर दोन शेगड्या. एका शेगडीवर मला ठेवलं. दुसऱ्या शेगडीवर महाराज विराजमान होते.

महाराज म्हणजे महागड्या सेटमधला थोरला तवा. आतून काळाभोर आणि गुळगुळीत, बाहेरून जांभळा, डोक्यावर काचेचं झाकण. त्यांचं बाकीचं कुटुंब मागे खोक्यात, थर्मोकोलच्या गादीवर निजलेलं. एकूण बारा नग. किंमत माईकवाला अगदी शेवटी सांगायचा, आणि सांगताना त्याचा आवाज दवाखान्यात बोलावं तसा हळू व्हायचा.

खेळ रोजचा ठरलेला. "या ताई, या दादा! ताई, तुमचा निम्मा जन्म कुठे जातो? घासण्यात! घासणी काय तुमच्या माहेरची आहे का?" लोक हसले की तो महाराजांवर अंडं फोडायचा. अंडं लहान पोरासारखं इकडून तिकडे घसरायचं. "वा!" मग तो खिन्न चेहरा करायचा आणि दुसरं अंडं माझ्यावर फोडायचा. ते चिकटायचं. तो उलथन्यानं खरडायचा, अंड्याच्या चिंध्या व्हायच्या, आणि घोळका माझं नाव घ्यायचा.

आता आतली गोष्ट सांगतो. महाराजांना खेळाआधी तेलाचा हात फिरवलेला असायचा आणि ते मंद आचेवर कधीचे तापत असायचे. मी मात्र थंडगार, कोरडा ठणठणीत. थंड लोखंडावर अंडं चिकटणार नाही तर काय नाचणार? पण हे कुणाला सांगणार? माझ्याकडे माईक नव्हता.

चिकटण्याचंही एवढं वाईट वाटायचं नाही. वाईट वाटायचं ते पुढचं. महाराजांचं अंडं तुकडे होऊन कागदी बशीतून लोकांत फिरायचं. एक पिशवीवाल्या आजी तर रोज तेवढ्यासाठी यायच्या, पहिल्या रांगेत उभ्या राहायच्या आणि आज मीठ कमी पडलं की बोलून दाखवायच्या. माझं अंडं थेट कचऱ्याच्या बादलीत. मी अन्न शिजवायला जन्मलो होतो आणि माझ्यावरचा एक घाससुद्धा कधी कुणाच्या पोटात गेला नव्हता.

दुकान बंद होताना माईकवाला मला तारेच्या घासणीनं असा घासायचा की विचारू नका. लोखंडात तेल मुरलं की ते गुळगुळीत होत जातं, अंडं आपोआप सुटतं. ते मुरू नये म्हणून हा खटाटोप. "राग मानू नकोस रे," तो म्हणायचा. "तू चिकटला नाहीस तर माझं कसं व्हायचं?" माईक काढलेला असला की माणूस बोलायला फार चांगला होता.

महाराजांचं गुपितही मला तेव्हाच कळलं. मी आल्यापासून माझ्या शेगडीवर मी एकटाच होतो, पण समोरचे महाराज हे चौथे की पाचवे. मोठ्या आचेचे आणि घाईतल्या उलथन्याचे ओरखडे पडले, वरचा थर सुटायला लागला, की जुन्यांना गुपचूप पोत्यात घालायचं आणि नव्यांना गादीवर बसवायचं. महाराज स्वभावानं वाईट नव्हते हो. फक्त फार नाजूक.

एकदा घासता घासता त्याचा हात थांबला. "तिला नोकरी लागली रे," तो म्हणाला. तिला म्हणजे त्याच्या बायकोला, एवढं मला ठाऊक होतं. "पहिल्या पगाराचं काय घेणार म्हणते, माहितेय? हाच सेट! रोज लोकांना घ्या घ्या म्हणता, मग आपल्या घरात का नको, म्हणते. मी म्हटलं, बघू. पण 'बघू' किती दिवस पुरणार? शेजारणीला सांगूनही बसलीय."

मग नको म्हणून सांग की, मी मनात म्हणालो.

जणू त्याला ऐकू गेलं. "नको म्हटलं तर विचारेल, मग लोकांना कसं सांगता? तिला वाटतं, मी चांगली वस्तू विकतो." आणि तो मला पुन्हा घासायला लागला, आधीपेक्षा जोरात.

थोड्याच दिवसांत ती आली. पगार पर्समध्ये, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. नवऱ्याला न सांगता आली होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण तिला बघताच घासणी आणि माहेर यांच्यामध्ये त्याचं वाक्यच अडकलं. ती तिसऱ्या रांगेत उभी राहिली आणि पूर्ण खेळ कौतुकानं बघितला. सगळ्यांबरोबर 'वा' म्हणाली. सगळ्यांबरोबर 'अरेरे' म्हणाली. मॅनेजर साहेब हात मागे बांधून बाजूलाच उभे होते.

खेळ संपल्यावर ती पुढे आली. "अहो," ती म्हणाली, "मी घेऊ ना हा सेट?"

आपल्या भाषेत 'अहो' कुणालाही म्हणतात. रिक्षावाल्याला, पोस्टमनला, वाटेत उभ्या असलेल्या माणसाला. त्यामुळे घोळक्याला काहीच कळलं नाही. मॅनेजर साहेबांनी तर खोकं उचलायची खूण केली. पण हे 'अहो' वेगळं होतं. ते ऐकून माईकवाल्याचा चेहरा माझ्यावरच्या अंड्यासारखा झाला.

घे म्हणावं, तर तिचा पहिला पगार वर्षा-दोन वर्षांत ओरखडे पडून पोत्यात. नको म्हणावं, तर साहेब शेजारी उभे. त्यानं पुढे वाकून माईकवर हात ठेवला. म्हणजे ठेवला असं त्याला वाटलं. घाबरलेला हात पडला होता ॲप्रनच्या बटणावर.

"नको घेऊस गं!"

दुकानातल्या सगळ्या स्पीकरांतून ते घुमलं. चादरींच्या विभागातली गिऱ्हाइकंसुद्धा चादर खाली ठेवून बघायला लागली.

मला वाटलं, संपलं. आता लोक विचारणार की का घेऊ नको. पण घोळक्याला भलत्याच गोष्टीचा राग आला.

"अहो मिस्टर!" पिशवीवाल्या आजी कडाडल्या. "ओळख ना पाळख, बाईमाणसाला 'गं' काय म्हणता? शोभतं का हे?"

"एकेरीवर काय येता?" मागून कुणीतरी ओरडलं. "माफी मागा आधी!"

मॅनेजर साहेब पुढे सरसावले. माईकवाल्याचा हात अजून ॲप्रनच्या बटणावरच होता. शेवटी तीच लाजून म्हणाली, "रागवू नका हो त्यांच्यावर. ते... आमचे हे आहेत."

आपल्याकडे बाईनं 'हे' एवढंच म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. सगळ्यांनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. आजींनी तोंडातला अंड्याचा तुकडा सावकाश गिळला आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"असं होय! म्हणजे आम्हाला घ्या घ्या, आणि घरच्या बाईला नको घेऊस?"

माईकवाल्यानं साहेबांकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती हसत नव्हती. त्यानं ॲप्रनवरचा हात काढला.

"महाराज वाईट नाहीत," तो म्हणाला. हे नाव त्यानंच पाडलेलं, मला घासताना तो तेच घ्यायचा, पण लोकांसमोर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून निसटलं. "म्हणजे हा सेट. मंद आच, लाकडी उलथनं, हलक्या हातानं घासणं, एवढं जमत असेल तर घ्या. तेही बाराच्या बारा कशाला? रोज लागतो तो एक घ्या, जाड बुडाचा. पण आमच्या घरी आच मोठी, सकाळची घाई आणि उलथनं स्टीलचं. हिला मी हा घ्यायला कसा सांगू?"

"मग तुमच्या घरी चालेल असं काय आहे?" आजींनी विचारलं.

त्याचा हात माझ्या वाकड्या दांड्यावर आला.

"हा? हा तर चिकटतो!" आजी म्हणाल्या.

"मी चिकटवतो म्हणून चिकटतो," तो म्हणाला.

इतक्या दिवसांत माझ्या बाजूनं कुणी बोललं नव्हतं. सांगायला लाज कसली, मला भरून आलं.

तिनं मला उचललं. "हा केवढ्याला?"

"तो विकायचा नाही, बाई," मॅनेजर साहेब गडबडीनं म्हणाले. "तो चिकटायला ठेवलाय."

पण तोवर आजी खालच्या फळीशी पोचून माझ्या एका भावाचं बूड वाजवून बघत होत्या आणि त्यांच्यामागे रांग लागली होती. साहेबांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा न उघडलेल्या खोक्यांकडे, आणि माझं बिल करायला सांगितलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी ओट्यावर होतो. ती नळाखाली भांडी विसळत होती.

"आधी का नाही सांगितलंत?" तिनं नळ बंद करून विचारलं.

"तुला वाटायचं, मी चांगली वस्तू विकतो."

"मला वाटायचं, माझा माणूस चांगला आहे. वस्तूचं कुणी काय म्हटलं होतं?"

त्यानं मला शेगडीवर ठेवलं आणि अंडं फोडलं. हाताला सवयच ती. थंड तवा, तेलाचा थेंब नाही. अंडं असं चिकटलं की काय सांगू! दोघं वाकून बघत राहिली आणि दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "अरेरे!"

मग ती हसायला लागली. हसता हसता तिनं स्टीलचं उलथनं घेतलं, मला खरड खरड खरडलं आणि निघालेली खरवड बशीत काढली. मी डोळे मिटून बादलीची वाट बघत होतो. तिनं मीठ भुरभुरलं, एक चिमूट त्याच्या तोंडात घातली, एक आपल्या. "कुरकुरीत लागतेय," ती म्हणाली. उरलेल्या खरवडीवरून दोघांत भांडण झालं.

काळजी मिटली की माणसांचा जीव भांड्यात पडतो म्हणतात. त्या संध्याकाळी दोघांचाही माझ्यातच पडला, मी जवळून पाहिलं.

आता माझ्यात तेल मुरलंय. काळा कुळकुळीत झालोय. चिकटायचं म्हटलं तरी जमत नाही, जुन्या नोकरीला मी पार निकामी. त्याची नोकरी मात्र टिकली. साहेब म्हणाले, तुम्हाला भांड्यांपासून लांब ठेवलेलं बरं, आणि त्याला फरशी पुसण्याच्या विभागात पाठवलं. तिथेही एक महागडा पोछा आहे आणि त्याच्या शेजारी पाणी नुसतं पसरवायला ठेवलेला एक साधा. त्या बिचाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

परवा तिनं जेवताना विचारलं, "अहो, तो पोछा खरंच चांगला आहे का हो?"

घरात तो माईक लावत नाही. तरी त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं, कॉलरवर हात दाबून धरला आणि कुजबुजला, "नको घेऊस."

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. दुकानात कुणी तुम्हाला महागातलं भांडं दाखवलं, तर किंमत नंतर विचारा. आधी विचारा, "अहो, तुमच्या घरी काय आहे?" आणि उत्तर येईपर्यंत त्यांचा हात कुठे जातो, ते बघत राहा.