काचेतली थोरली

मी एक जुनी प्रतिकृती आहे. लोक मला मॉडेल म्हणतात, पण हल्ली तेही कुणी म्हणत नाही. विद्यापीठाच्या जुन्या कार्यालयात एक लांब बोळ आहे. तिथे खिडकीसमोरच्या टेबलावर, काचेच्या पेटीत, माझा मुक्काम असतो. खिडकीतून समोरच विज्ञान विभागाची इमारत दिसते. ती माझी धाकटी बहीण. मित्रांनो, हसू नका. ती चार मजली आहे आणि मी तुमच्या दप्तराहून जरा मोठी, हे मलाही दिसते. पण आधी जन्मले ती मी. मला पाहून तिला बांधले. हे मी विचारील त्याला सांगितले असते, पण कुणी विचारतच नाही, म्हणून आज आपणहून सांगते आहे.

मला घडवले विद्यापीठाच्या कार्यशाळेतल्या सुतारकाकांनी. कागदावरचा नकाशा त्यांनी समोर टांगला आणि पातळ प्लायवूड कापायला घेतले. माझे मजले जेवणाच्या डब्यासारखे एकावर एक बसतात. वरचा उचलला की खालच्या खोल्या, दारे, जिने सगळे दिसते. मुख्य दारातून आत शिरले की डावीकडे जिना. त्याची एकेक पायरी काकांनी पॉलिश कागदाने घासली होती. झाडे स्पंजची, गवत रंगवलेल्या भुश्शाचे आणि दारासमोर काड्यापेटीतल्या काड्यांची माणसे. काका काम करताना माझ्याशी बोलत नसत, पण फुंकर मारून भुस्सा उडवत, तेव्हा मला फार बरे वाटे.

मग माझे दिवस आले. कुलगुरू आले, पाहुणे आले, वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. माझ्यावर वाकून सगळे म्हणत, "अगदी खरी वाटते." खरी तेव्हा कुठे होती? समोर नुसते मैदान होते आणि त्यावर दोन बकऱ्या चरत होत्या. तेव्हा विज्ञान विभाग म्हणजे मीच होते.

मैदानात खोदकाम सुरू झाले आणि तिथेच माझ्या सुखाला दृष्ट लागली. डाव्या बाजूला पाण्याची मोठी जुनी पाइपलाइन निघाली, म्हणून जिना उजवीकडे हलवला. सुतारकाका बारीक करवत घेऊन माझ्याकडे आले. "नकाशा बदललाय, हिलाही बदलतो," असे ते विभागप्रमुख सरांना म्हणाले. सर घाईत होते. ते म्हणाले, "राहू द्या हो. उद्घाटन झाल्यावर हिला कोण बघतंय?" काका करवत घेऊन परत गेले. त्या बोलण्याने मी दुखावले, पण मनातून खूशही झाले. मूळ नकाशात जसा होता तसा जिना माझ्याकडे होता. बिघडली होती ती धाकटी.

उद्घाटनाच्या दिवशी फीत तिच्या दाराला लागली. मला दरवाजामागे ढकलले होते. कुणीतरी माझ्या काचेवर चहाचा कप ठेवून टाळ्या वाजवायला धावले. त्या कपाचा गोल डाग पुढे कितीतरी वर्षे माझ्या छपरावर काळ्या सूर्यासारखा दिसत राहिला. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरे काय!

नव्याची नवलाई नऊ दिवस, अशी मी माझी समजूत घातली. कसले नऊ दिवस! तिचे कौतुक संपता संपेना. आधी तिला नवा रंग दिला. मग दाराशी उतार केला, चाकाच्या खुर्चीसाठी. मग प्रयोगशाळांना नव्या खिडक्या आल्या, छतावर सौरपट्ट्या आल्या, मोठ्या सभागृहात गार हवा आली. दर सुट्टीत तिच्याभोवती परांची उभी राही आणि मी इकडे काचेतून बघत जळत असे. मला काय मिळाले? शिपाईमामांचे फडके, तेही फक्त काचेवरून, कारण पेटीची किल्ली कुणीतरी हरवली होती. माझी स्पंजची झाडे पिवळी पडली. दारासमोरचा काडीचा एक माणूस आडवा पडला, तो पडलाच. तिच्या दारात एखादा पाय घसरून पडला तर दहा जण धावतात.

मी तिच्यात खोट शोधायची. पावसात तिच्या भिंतीला ओल आली की मला झोप छान लागे. आणि सगळ्यांत आवडता दोष म्हणजे तो जिना. माझा खरा, तिचा चुकीचा, हे मी मनात इतक्यांदा घोकले की शेवटी मला तेच सत्य वाटू लागले.

मग एका उन्हाळी सुट्टीत नव्या बाई आल्या. हातात पांढरी काठी, खांद्याला पिशवी. त्यांना दिसत नव्हते. पुढच्या सत्रापासून त्या विज्ञानाचा इतिहास शिकवणार होत्या. तेच विभागप्रमुख सर त्यांना बोळातून कार्यालयाकडे नेत होते आणि माझ्याजवळच दोघांचे बोलणे अडले.

"मॅडम, तुमचा वर्ग खालच्या छोट्या खोलीत ठेवतो," सर म्हणाले. "सभागृह वरच्या मजल्यावर आहे. लिफ्टचं काम अजून चालू आहे, म्हणजे जिना आला."

"जिना पायांनी चढतात, सर," बाई म्हणाल्या. "साठ मुलं आहेत. खालच्या खोलीत निम्मी दारात उभी राहतील."

"मग बरोबर एक माणूस देतो."

"तो दिलात की मुलं माझं ऐकायचं सोडून त्याच्याकडे बघतील. पहिल्या दिवशी मला एकटीला येऊ द्या. नाही जमलं, तर तुमची खालची खोली."

सरांनी मान्य केले. अडचण एवढीच होती की धाकटीच्या आत फरशा बसवत होते आणि सत्र सुरू होईपर्यंत तिथे कुणालाच पाऊल टाकायची परवानगी नव्हती. बाई परतायला वळल्या. त्यांचा हात माझ्या काचेला लागला.

"हे काय आहे?"

"ते? याच इमारतीचं जुनं मॉडेल," सर म्हणाले आणि त्यांना फोन आला म्हणून निघून गेले.

बाईंनी शिपाईमामांना हाक मारली. मामांनी स्क्रू काढून काच उचलली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला वारा लागला. मग बाईंचा हात लागला. त्यांनी छप्पर चाचपले, मजले एकेक करून उतरवले, बोटांनी भिंती मोजल्या. दारातून आत, डावीकडे वळायचे, पायऱ्या चढायच्या, वर गेल्यावर समोर सभागृह. रोज दुपारी त्या येत आणि दोन बोटे पायांसारखी चालवत माझ्यात फिरत. पडलेला काडीचा माणूस त्यांनी थुंकी लावून उभा करायचा प्रयत्न केला, तो पुन्हा पडला. मी खिडकीतून धाकटीकडे बघत होते. म्हटले, बघ, तुझ्यात येणारी बाई आधी मला विचारून येते आहे. जिन्याची गोष्ट माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही. माझा जिना खराच होता ना!

सत्राच्या पहिल्या दिवशी बाई समोरचा उतार ताठ चढून गेल्या. पुढचे मला कळले ते शिपाईमामांच्या तोंडून. दारातून आत शिरून बाई डावीकडे वळल्या. तिथे आता पिण्याच्या पाण्याचा कूलर आहे, सिमेंटच्या बुटक्या ओट्यावर. काठी ओट्याला लागली. बाईंना वाटले पहिली पायरी. त्यांनी भरवशाने पाय उचलला, ओट्यावर ठेवला आणि कपाळ धाडकन कूलरवर आपटले. साखळीचे पेले खणखणले. मुले धावली. कुणी हात धरला, कुणी पिशवी, आणि कुणीतरी मागून हसलेही.

बाई परत आल्या तेव्हा कपाळावर पट्टी होती. सर बरोबर होते. "लागलं फार?" त्यांनी विचारले, आणि मग हळूच म्हणाले, "ठरल्याप्रमाणे खालची खोली घेऊया."

बाईंनी माझ्या डाव्या जिन्यावर बोट ठेवले. "सर, मी चुकले नाही. हे चुकलंय."

सरांनी बहुधा पहिल्यांदाच माझ्यात वाकून पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. "अरे हो. जिना तर उजवीकडे आहे."

"हे दुरुस्त होऊ दे. मग मला आणखी एकदा येऊ द्या."

"सोमवारपर्यंत," सर म्हणाले.

बाईंच्या पट्टीकडे बघताना मला काय झाले ते कसे सांगू? इतकी वर्षे मी धाकटीला चूक ठरवण्यात सुख मानले, आणि कपाळ फुटले ते माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या एकट्या माणसाचे. मला लाज वाटली. पण खोटे कशाला बोलू, लाजेबरोबर रागही आला, आणि तो अजूनही धाकटीवरच होता.

सुतारकाका रजेवरून परतले. आता त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी माझे मजले उतरवले आणि माझा जिना उपटून काढला. तेव्हाच्या पॉलिश केलेल्या पायऱ्या कपच्यांत पडल्या. मग ते समोरच्या इमारतीत जात, बघून येत आणि तसे माझ्यात बसवत. उजवीकडे जिना. डावीकडे ओटा आणि त्यावर काड्यापेटीचा कूलर. बाहेर उतार. लिफ्टची जागा. बाई शेजारी स्टुलावर बसून प्रश्न विचारत.

"दार आत उघडतं की बाहेर, काका?"

"बाहेर. आणि जरा जोर लागतो."

"जिन्याला मध्ये वळण आहे?"

"आहे. वळणावर कठडा तुटलाय, तो मी उद्याच बसवतो. इथं नाही, तिथं."

आमच्या घरात उलटाच न्याय झाला होता. थोरलीचे कपडे धाकटीला होतात, हे जगाला माहीत आहे. इथे धाकटीचे उतरलेले थोरलीला घालत होते. आजवर ती माझी नक्कल होती, आता मी तिची झाले. करवतीपेक्षा मला तेच जास्त लागले. पण बाईंची बोटे नव्या जिन्यावरून पुन्हा पुन्हा चढत होती, आणि ती घसरू नयेत म्हणून मी जमेल तितकी घट्ट बसून राहिले.

सोमवार उजाडला. खिडकी उघडी होती. बाई उतारावर आल्या. सुतारकाका दबक्या पावलांनी मागे निघाले होते.

"काका, मागे येऊ नका," बाई न वळता म्हणाल्या. "तुमच्या चपला ऐकू येतात."

काका तिथेच थांबले. बाईंनी दार जोर लावून बाहेर ओढले आणि त्या आत गेल्या. त्या वेळी माझा जो जळफळाट झाला, तसा उद्घाटनालाही झाला नव्हता. पुढचे सगळे धाकटीच्या पोटात घडणार होते. वाट मी शिकवली होती आणि ते पाऊल मात्र तिच्या पायरीवर पडणार होते. मी त्या मोठ्या भिंतीकडे बघत राहिले. काकाही बघत होते, हातात चपला घेऊन.

वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. पांढरी काठी दिसली, मग पट्टी बांधलेले कपाळ. बाईंनी हवा घेतली आणि वर्गाकडे वळल्या. त्यांचा आवाज इथवर आला नाही, पण साठ मुलांचा गलबला एकदम थांबला, तेवढे ऐकू आले. काकांनी चपला खाली टाकल्या आणि पायात घातल्या.

संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी माझ्या जिन्यावर तळवा ठेवला. "बरोबर आहेस," म्हणाल्या. धाकटीला आजवर शेकडो लोक सुंदर म्हणाले. तिला हे कुणी म्हटले असेल, असे मला वाटत नाही. सरांनी काच पुन्हा लावायला सांगितली, तर बाई म्हणाल्या, "काच नको. धुळीसाठी नुसतं फडकं टाका." तेव्हापासून माझ्यावर एक निळे फडके असते.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरची धूळ जरूर पुसा. पण ती अजून खरे सांगते की नाही, हेही कधीतरी तपासा. नुसती काचेत ठेवलेली वस्तू खोटे बोलायला लागते, आणि तिचे तिला कळत नाही. आता धाकटीवर पाचवा मजला चढणार आहे, असे कानावर आले. ऐकून पोटात दुखलेच, स्वभावाला औषध नाही. चढू दे. त्या मजल्याची पहिली वीट बसेल त्या दिवशी सुतारकाकांना माझ्याकडे धाडायला मात्र विसरू नका. बाईंना तो मजला चढायचा आहे, आणि आधी त्या माझ्यावरून चढणार आहेत.