सोनबुवाचं चाक

ज्या सकाळी रुग्णालयात मला "तुमच्या पत्नी गेल्या" असं सांगितलं, त्या सकाळीही सोनबुवाच्या दारात रांग होती. भिंतीशी काठ्यांचा ढीग होता. गुडघे धरून आलेली माणसं तासाभरात काठी टाकून चालत बाहेर पडायची.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच रांगेत आम्ही होतो. बुवाने हिचं रक्त नळीत घेतलं, यंत्रात फिरवलं आणि नळी उजेडात धरली. वर पिवळं, खाली लाल.

"बघा माई! रक्तातलं पाप खाली बसलं, सोनं वर आलं. हे सोनं गुडघ्यात नवं हाड पिकवणार!"

"पाप बरंच निघालं की," ही माझ्याकडे बघत म्हणाली. "चौतीस वर्षं यांच्याबरोबर काढली ना!"

रांग हसली. मी हसलो नाही. मी फिटर आहे. ते यंत्र मीच दुरुस्त केलं होतं, गढूळ पाणी फिरवून तपासलं होतं. जड ते खाली बसतं, एवढंच. सांगणार होतो, पण बुवाने ते पिवळं गुडघ्यात टोचलं आणि तासाभरात ही जिना उतरत म्हणाली, "अहो, बघा, हात न धरता!" सांगायचं राहूनच गेलं.

चौथ्या दिवशी गुडघा टरारून सुजला. ताप चढला.

"सोनं भिनतंय," बुवा म्हणाला. "डॉक्टरकडे न्याल तर सोन्याचा गुण जाईल."

आम्ही पाच दिवस थांबलो.

शेवटी हिला रुग्णालयात नेलं, तेव्हा हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं. "कुणाचंही रक्त फिरवा, असंच दिसतं. ते पिवळं आम्हीही टोचतो, पण गुडघा तपासून, मोजक्याच जणांना. त्याच माणसाचं रक्त, नवी नळी, त्यावर नाव, सगळं निर्जंतुक. दुखणं काही महिने कमी होऊ शकतं, होईलच असं नाही. झिजलेला गुडघा नवा होत नाही."

"मग ही तासाभरात चालली कशी?"

"बधिर करायचं औषध मिसळलं असणार. नळ्या नव्या होत्या?"

मला बुवाची मोरी आठवली. धुऊन उलट्या वाळत घातलेल्या नळ्या, एकीवरही नाव नाही. शेजारी दात काढताना टोचतात त्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या.

"जंतू गुडघ्यात शिरले, आता रक्तात पसरलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताप आला त्याच दिवशी आणलं असतं तर..."

चमत्कार करणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: नळी कुणाची, आणि आत काय घातलं? तो चिडला, तर उठून या. डॉक्टरकडे जा.

यंत्र अजून फिरतंय. पोलिसांकडे द्यायची तक्रार मी लिहून ठेवली आहे. यंत्र कुणी दुरुस्त केलं, ती ओळ तेवढी अजून कोरी आहे.