सुपात वाळवलेली माझी अक्कल

मित्रांनो, मी एक जुना सिंक्रोनायझर. नाव जड, काम सोपे: दोन टेप रेकॉर्डरना एकाच चालीने चालवायचे. दोन्ही टेपांवरच्या वेळेच्या खुणा मी वाचतो. एक टेप रेंगाळली की तिला पुढे रेटतो, पळाली की आवरतो.

माझा जन्म परदेशातला. मुंबईतल्या एका स्टुडिओने मला मोडीत काढले, तेव्हा १९९३ साली आग्नेल नावाचे एक गृहस्थ मला पापडी या आपल्या गावी घेऊन आले. घरामागच्या खोलीत त्यांनी रेकॉर्डिंगचा संसार थाटला. लग्नाची गाणी, चर्चची गीते, सारे माझ्या हाताखालून गेले. "हा नसता तर माझे दोन घोडे दोन दिशांना उधळले असते," असे ते पाहुण्यांना सांगायचे. पुढे संगणक आले. माझ्यावर चादर पडली. मग एके दिवशी आग्नेलही गेले.

त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, जवळ आली, तेव्हा मुलगी बेला हिला कपाटात दोन टेपा सापडल्या. एकीवर आई रेजिनाचे गाणे, दुसरीवर आग्नेलचे व्हायोलिन. दोन्ही एकत्र उतरवायचे राहूनच गेले होते. मिस्सेनंतर ते एकत्र ऐकवायचे, असे तिने ठरवले आणि माझी चादर ओढली. मला पाय असते तर मी नाचलो असतो!

पण पावसाळ्यात मला बुरशी धरली होती. बेला माझे झाकण उघडून कामावर गेली. अंगणात सुकेळी, म्हणजे सोललेली पिकी केळी, वाळत घातली होतीच. दमटलेले काहीही उन्हात टाकायचे, ही इथली रीत. रेजिनाबाईंनी सुरीच्या टोकाने माझी सारी अक्कल साठवलेल्या दोन चिपा काढल्या, टेबलाच्या खणातली तशीच तिसरीही घेतली, त्यांच्यावर चिकटवलेले बुरसटलेले कागद खरवडले आणि तिघींना सुपात पसरले.

संध्याकाळी बेला किंचाळलीच. "आई! त्या कागदाखाली काचेची खिडकी असते. तिच्यातून फार ऊन गेलं तर चिप सगळं विसरते! आणि कुठली कुठे बसवायची, तेही कागदावरच होतं."

"मला काय ठाऊक? या घरात उन्हानं कधी काही बिघडलेलं नाही."

बेलाचा मामेभाऊ लुईस संगणक दुरुस्त करायचा. चिप वाचायचे यंत्र घेऊन तो धावत आला. "आत्या, बोंबील समजून तळल्या नाहीस, हे नशीब!"

पहिली चिप लावली. पडदाभर एकच अक्षर.

"कोरी आहे," लुईस पुटपुटला.

रेजिनाबाई मटकन खाली बसल्या. "मीच पुसलं का गं सगळं?"

दुसरी लावली. आकड्यांच्या गर्दीत एके ठिकाणी आर, ए, वाय अशी अक्षरे चमकली. तिसरीत, नेमक्या त्याच जागी, ई आणि डी.

"आत काहीतरी आहे! पण अर्थ काय?"

बेलाने अक्षरे कागदावर लिहिली, टक लावून पाहिली आणि ताडकन उठली. "लुईस, एक अक्षर हिचं घे, एक तिचं! आर, ई, ए, डी, वाय. रेडी! अरे, सुरू केला की हा हेच दाखवायचा!"

"म्हणजे आरवाली पहिल्या जागी, दुसरी तिच्या शेजारी. आणि कोरी?"

"ती पप्पांनी खणात ठेवलेली जादा असणार. आई, ऊठ, तू काही पुसलेलं नाहीस!"

चिपांच्या खिडक्यांवर काळी चिकटपट्टी लागली. चिपा जागी बसल्या. वीज आली आणि माझे दिवे भराभर उजळले! टेपा फिरू लागल्या. व्हायोलिन थोडे मागे होते. मी त्याला रेटले, अजून रेटले, आणि ते रेजिनाबाईंच्या तरुण आवाजाला अचूक येऊन मिळाले. लुईसने मांडीवर थाप मारली. बेलाने आवाज वाढवला.

गाणे संपले. व्हायोलिनच्या टेपवर आग्नेल म्हणाले, "रेजिना, परत एकदा?"

रेजिनाबाई स्पीकरकडे पाहून म्हणाल्या, "हो. पण आता घाई नको."

मित्रांनो, जुन्या यंत्रावरचा कागद खरवडण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि घरात कुणाचा आवाज कशात ठेवला आहे, हे ते माणूस जवळ असतानाच विचारून घ्या. आता मला सोडा. बेलाने टेपा पुन्हा सुरुवातीला आणल्या आहेत.