खुलाशाच्या रकान्यात

परदेशातल्या त्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात सगळ्या तिला ताई म्हणत. ते तिचं नावच आहे अशी निम्म्या जणींची समजूत होती. घड्या घालायला सहाजणी, त्यांच्या घरच्या भाषा चार. पण रोजचे शब्द एकमेकींकडून उचललेले. काम रेंगाळलं की कुणीही ओरडे, "यल्ला!" म्हणजे चला, आटपा. हात भाजला की "पोले", सोसावं लागलं गं तुला. फाटकी चादर निघाली की सगळ्या ताईसारख्या "अगंबाई!" म्हणत. आणि शिवणकाम करणारी तुर्की आजी सकाळी प्रत्येकीला म्हणे, "कोलाय गेल्सिन."

नव्या सुपरवायझरने नोटीस डकवली: कामावर फक्त ऑफिसची भाषा बोलावी. दुसऱ्या दिवशी आजी सवयीने बोलून गेली आणि त्याने तिथल्या तिथे मेमो काढला. आजी कावरीबावरी झाली.

ताईने इस्त्रीचं मशीन बंद केलं. "साहेब, काय म्हणाली ती, ठाऊक आहे?"

"कळत नाही म्हणून तर नोटीस लावली. माझ्यामागे काय बोलता कोण जाणे!"

"तुमचं काम सोपं जावो, म्हणाली. तुम्हालाही रोज म्हणते."

तो जरा वरमला. "मग ऑफिसच्या भाषेत म्हणा."

"एक शब्द सांगा. उद्यापासून तोच म्हणू."

त्या भाषेत तसा शब्दच नव्हता. तो उखडला. "तुम्हालाही मेमो हवाय?"

"द्या की!"

मेमोवर खुलाशाचा रकाना होता. ताईने त्यात देवनागरीत ठसठशीत लिहिलं: कोलाय गेल्सिन. मागून आवाज आला, "मलाही द्या." मग आणखी एकीचा. होता होता सगळ्यांनी आपापल्या लिपीत खुलासे लिहिले.

वरच्या ऑफिसात ते कुणाला वाचता येईनात. आठवड्याने ताईला बोलावणं आलं.

"माफी मागा, विषय मिटवू," मोठ्या बाई म्हणाल्या.

"चादरी उशिरा पोचल्या असत्या तर मागितली असती. शब्दांची नाही मागणार."

नोटीस उतरली, पण ताईची बदली ओल्या कपड्यांच्या खात्यात झाली. तिथे वाफ, चिकचिक आणि खाली माना घालून राबणाऱ्या अनोळखी बायका. ताईने बाह्या सारल्या, पिळलेल्या कपड्यांची ढकलगाडी ओढली आणि शेजारणीला मुद्दाम मोठ्याने विचारलं, "तुमच्याकडे दमलेल्या माणसाला काय म्हणतात गं?"

शेजारणीने आधी तिथल्या सुपरवायझरच्या काचेच्या केबिनकडे पाहिलं. मग तीही मोठ्यानेच बोलली.