न सापडणारी गळती

विठ्ठलरावांनी बॉनेट वर केलं, रेडिएटरचं झाकण काढून आत बोट घातलं, आणि बोट कोरडंच बाहेर आलं.

“अगं, पुन्हा!” ते ओरडले.

काल संध्याकाळी त्यांनी स्वतः तो काठोकाठ भरला होता. गाडीखाली मुद्दाम पसरलेल्या वर्तमानपत्रावर एकही डाग नव्हता. बासष्ट सालची ही निळी फियाट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मळमड्डी भागातल्या शेजाऱ्यांच्या मते तर अंबूताईंची थोरली सवतच. नवलूरच्या चढाला एकदा ती तापून वाफा सोडू लागली, तेव्हापासून त्यांनी पाण्याचे होजपाइप बदलले, पंप बदलला, रेडिएटर उघडून साफ करून आणला. तरी पाणी कमी ते कमीच. इंजिनाचं तेल पांढरं पडलेलं नव्हतं, म्हणजे आतही जात नव्हतं. मग जात होतं कुठं? जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने इथे हात टेकले होते.

येत्या रविवारी हुबळीत जुन्या गाड्यांचा मेळा होता. नात मेधाला शेजारी बसवून न्यायचं त्यांनी कबूल केलं होतं, आणि गळती सापडल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, हा नियमही त्यांचाच होता.

अंबूताईंनी चहाचा पेला आणून नवऱ्याच्या उजव्या हाताशी ठेवला. हल्ली त्या तो तिथेच ठेवत.

“राहू दे की तिला घरी,” त्या म्हणाल्या. “वय झालं तिचंही.”

“छट्! या वेळी चोर सापडणार.”

मागच्या आठवड्यात मेकॅनिक गोविंदने साध्या पाण्याऐवजी कूलंट भरलं होतं. “हिरवा रंग आहे, सर. जिथं गळेल तिथं दिसणार, नोड्री, बघाच तुम्ही,” असं तो म्हणाला होता. विठ्ठलराव टॉर्च घेऊन गाडीखाली वाकले, भिंतीकडेने फिरले, गटाराच्या तोंडापर्यंत जाऊन आले. कुठेच काही नाही. हात धुवायला म्हणून ते परसात गेले आणि शेवंतीच्या कुंडीपाशी थबकले.

भर फुलांची शेवंती करपून माना टाकून बसली होती. मातीवर हिरवट कड धरली होती.

नळाला पाणी येईल तेव्हा खरं, अशा गावात अंबूताई तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा कधी फेकून देत नसत. कुंडीमागे खिळ्याला रॉकेल काढायचा जुना हातपंप टांगलेला होता. घरातून रॉकेल हद्दपार होऊन जमाना झाला. विठ्ठलरावांनी पंप काढून दाबला. त्यांच्या तळहातावर हिरवा थेंब पडला.

ते पायरीवर बसले. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने त्यांच्या चष्म्याची जागासुद्धा कधी बदलली नव्हती.

“तू?” अंबूताई दारात आल्या तेव्हा विठ्ठलरावांनी विचारलं.

अंबूताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“दसऱ्याआधी आपण विद्यानगरला गेलो होतो. कॉलेजपाशी मी थांबा, थांबा म्हणून ओरडले. आठवतं?”

“आठवतं. इथं थांबायला काय आहे, म्हणालो मी.”

“डावीकडून एक पोरगी स्कूटरवर येत होती. तुम्ही तिच्या अंगावरच गाडी घातलीत. आपल्याला चुकवताना पडली ती.”

“कुठली पोरगी?”

“तेच तर,” अंबूताई म्हणाल्या. “कुठली पोरगी.”

विठ्ठलरावांना ती दुपार स्पष्ट आठवत होती. मोकळा रस्ता, ऊन, अंबूताई उगाच बसल्या जागी आक्रसलेल्या. पोरगी नव्हतीच. शपथेवर सांगितलं असतं त्यांनी.

“मग... तिचं काय?”

“लोकांनी उचलली. दुसऱ्या दिवशी मी जाऊन चौकशी केली. हात मोडला होता. तुम्हाला सांगितलं असतं, तर चष्म्याचा नंबर वाढलाय नुसता, म्हणाला असतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही तेच म्हणालात.” त्यांनी बोटाचा पदर सोडवला. “रविवारी मेधा बसणार होती हो, तुमच्या डावीकडे.”

विठ्ठलरावांनी समोर शेवंतीकडे पाहत उजवा डोळा हाताने झाकला. शेवंती दिसेनाशी झाली. त्यांनी हात खाली घेतला.

आत फोन वाजला. अंबूताईंनी तो आणून त्यांच्या उजव्या हातात दिला.

“अज्जा, सापडली का गळती?” मेधा विचारत होती.

त्यांनी बायकोकडे पाहिलं.

“नाही गं, बाळा. खूप शोधली. बसनं जाऊ आपण.”

फोन ठेवून ते उठले. हातपंप पुन्हा त्याच खिळ्याला टांगायला त्यांना जरा चाचपडावं लागलं.

“उद्यापासून झाडाला घालू नकोस,” ते म्हणाले. “विषारी असतं ते.”